वरच्या मजल्यावरचं पाणी

प्रिय चोंबडे,

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. म्हणजे देतेस, जरा जास्तच देतेस. मी एक वाक्य बोलले की तू म्हणतेस, "आणखी काय?" मग मी जे सांगायला बसलेली असते ते राहतं बाजूला आणि भलतंच काहीतरी बाहेर येतं. पत्राला मध्येच प्रश्न विचारता येत नाही, म्हणून पत्र. आज दुकान अर्धा दिवस बंद ठेवलंय आणि कटिंगच्या टेबलावर कागद पसरून उभ्यानंच लिहितेय. बसून लिहायची मला सवय नाही, त्यामुळे अक्षराला नावं ठेवू नकोस.

गेल्या रविवारी तुझा आवाज अगदी पडलेला होता. समुपदेशन शिकवणाऱ्या तुमच्या बाईंनी आपल्या फोनवरच्या सगळ्या भेटींचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि तुला फैलावर घेतलं. क्लायंट, म्हणजे मी, भरकटते आणि तू तिला भरकटू देतेस, असं म्हणाल्या. तिची तक्रार आहे की वरच्या मजल्यावरच्या बाई ओले कपडे बाहेर टाकतात आणि त्यांचं पाणी दुकानाच्या दारात ठिबकतं. मग ती टेबल, दिवा, इस्त्री असलं काय काय बोलत बसते, आणि पाण्याचं पुढे काय झालं ते शेवटपर्यंत कुणालाच कळत नाही. आता एकच भेट राहिली आहे, त्यानंतर निकाल. आणि तू म्हणालीस, "आई, मला हे जमणारं नाही. मी सोडून देते आणि कुठेतरी ऑफिसात चिकटते." मी त्यावर हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. मी गप्प बसले की मला पटलंय असा तुझा लहानपणापासूनचा समज आहे. यावेळी मी गप्प होते कारण मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि आधी काय करावं तेच ठरेना.

तर आता नीट ऐक. वरच्या मजल्यावरून पाणी ठिबकत नाही. कधीच ठिबकलं नाही. वरच्या बाई अगदी सोन्यासारख्या आहेत, कपडे घरातच वाळत घालतात, आणि जिन्यात भेटल्या की तुझी चौकशी करतात. त्या बिचारीला मी तुमच्या अख्ख्या कॉलेजात बदनाम करून ठेवलंय. ती अडचण मी बसल्या जागी बेतली होती, सरावासाठी. आणि मला त्याचं काडीइतकंही वाईट वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तुला आठवत असेल, तू म्हणाली होतीस की सरावासाठी एक माणूस हवाय, त्याची अडचण खरी हवी पण किरकोळ हवी. मी लगेच हात वर केला. माझ्याकडे अडचण एकच होती. ती खरी होती, पण किरकोळ नव्हती. ती तुला सांगितली असती तर तू सराव बिराव सोडून पहिल्या गाडीनं इथे आली असतीस. म्हणून मी तिच्यावर दुसरं नाव टाकलं. ओल्या कपड्यांचं.

खरी अडचण ही, की बाबा गेल्यापासून मी नव्या कापडाला कात्री लावली नव्हती. मनगट दुखतं म्हणून तुला सांगत आले, ते सपशेल खोटं. मनगटाला काहीही झालेलं नाही, अजूनही न उघडणारी बरणी शेजारीपाजारी माझ्याकडेच आणतात. तुझे बाबा आणि मी कसं काम करायचो ते तू पाहिलंयस, पण लहान होतीस तेव्हा तुझं सगळं लक्ष बटणांच्या डब्यात. कापड टेबलावर पसरायचं, त्या टोकाला ते आणि या टोकाला मी. ते तळहातानं सुरकुती काढत पलीकडे जायचे, काठ धरायचे, मान वाकडी करून एकदा बघायचे आणि म्हणायचे, "घे." मग मी कात्री चालवायची. बाबांना शिवणातलं ओ की ठो कळत नव्हतं. स्वतःच्या शर्टाचं बटण लावता यायचं नाही. इस्त्री करायची आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारायच्या, एवढंच त्यांचं काम. पण ते "घे" म्हटल्याशिवाय मी इतक्या वर्षांत एकही कापड कापलं नाही. हे मलाच ठाऊक नव्हतं. ते गेल्यावर कळलं. कापड पसरलं, खडूनं खुणा केल्या, कात्री उचलली आणि उभी राहिले. पलीकडून कुणी काही बोलेना. कात्री खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशीही तसंच. मग टेबलावर चादर टाकली आणि लोकांना सांगायला लागले की मनगट दुखतं.

तेव्हापासून दुकानात नुसती डागडुजी. चेन बदला, पँट आखूड करा, अस्तर फाटलंय ते सांधा. नवा कोट शिवायला कुणी आलं की त्याला मी पलीकडच्या गल्लीतल्या मास्तरांकडे पाठवायची. त्या मास्तरांकडे! ज्यांचा एक खांदा कायम दुसऱ्यापेक्षा वर असतो, गिऱ्हाइकाचा नव्हे, कोटाचा. माझ्या हातचा कोट अंगावर बसला नाही असं कधी झालेलं नाही, हे मी बढाई म्हणून सांगत नाही, विचार कुणालाही. बरं, बढाईच समज. पण दुसऱ्या कुणी शिवलेले कोट रस्त्यानं जाताना बघायचे आणि त्यांच्या पाठीवरच्या सुरकुत्या मोजत दारात उभं राहायचं, हे काय जगणं आहे का? अजून थोडे दिवस असेच गेले असते तर मी दुकान बंद केलं असतं. मनात ठरवलंही होतं, तुला तेवढं सांगायचं राहिलं होतं.

अशात तुझा सरावाचा पहिला फोन. मी पूर्ण तयारीनिशी बसले होते. पाणी कुठून ठिबकतं, किती वाजता, चादरींचं जास्त की टॉवेलांचं, सगळं पाठ केलं होतं. आणि तू त्यातलं एक अक्षर विचारलं नाहीस! तू विचारलंस, "या बोलण्यातून तुझ्यासाठी काय झालं तर तुला वाटेल की बोललो ते बरं झालं?" खरं सांगते, मला रागच आला. एवढ्या मेहनतीनं रचलेली तक्रार, आणि डॉक्टरला जखम दाखवायला जावं तर तो विचारतो की बरं झाल्यावर कुठे फिरायला जाणार. पण उत्तर तर द्यायलाच हवं. मी म्हटलं, मला माझं काम सुखानं करता यावं. हे काही मी ठरवून बोलले नव्हते.

मग तो आकड्यांचा घोळ. तू म्हणालीस, शून्य म्हणजे अगदी वाईट आणि दहा म्हणजे सगळं हवं तसं, आज किती? मी ताबडतोब दहा म्हटलं. मला वाटलं तुझ्या परीक्षेचे मार्क मला द्यायचेत, आणि आपल्याच पोरीला आई नऊ देईल का? तू हसत हसत समजावलंस की हे तुझे मार्क नव्हेत, माझे आहेत. तेव्हा मी तीन म्हटलं. आता विचारशील तीनच का, पाच का नाहीत, म्हणून मी कान पाडून ऐकायला तयार झाले. शाळेत मला आयुष्यभर तेच विचारलं गेलं. आणि तू विचारलंस, "तीन? एक का नाही? असं काय आहे, ज्यामुळे ते तीनपर्यंत आलंय?" चोंबडे, मला हे आजवर कुणी विचारलेलं नव्हतं. मी खुर्चीत सरळ बसले. काय आहे माझ्याकडे? दुकान रोज उघडते. कात्रीला तेल घालते, वापरत नसले तरी. उसवलेलं नीट शिवून देते. मी तुला म्हटलं, दुकान रोज वेळेवर उघडते. तू म्हणालीस, "आणखी काय?" मी म्हटलं, अवजारं जपते. तू पुन्हा "आणखी काय?" तुझ्या बाई म्हणतात की इथे क्लायंट भरकटली. भरकटली नव्हती गं. घरी येत होती.

त्या पुढच्या रविवारी तू तो चमत्काराचा प्रश्न विचारलास. आवाज किती खाली आणला होतास, मी रिसीव्हर कानाला घट्ट लावला. समज, आज तू झोपलीस, झोपेतच एक चमत्कार झाला आणि अडचण गेली, पण तू झोपेत असल्यामुळे तुला ते माहीत नाही. उद्या उठल्यावर कुठल्या बारीकशा गोष्टीवरून तुझ्या लक्षात येईल? मला म्हणायला हवं होतं की दारात ओल दिसणार नाही. तेच पाठ केलं होतं. आणि मी म्हटलं, टेबलावरची चादर काढून घडी करून ठेवलेली असेल. तुला त्याचा पाण्याशी काही संबंध लागला नसणार. लागणार कसा? दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, अहो पण पाण्याचं काय? तू म्हणालीस, "चादर काढलेली असेल. मग?" मग टेबलावरचा दिवा लागलेला असेल. "तो लागलेला सगळ्यात आधी कुणाच्या लक्षात येईल?" समोरच्या किल्लीवाल्याच्या, मी म्हटलं, तो दिवसभर इकडेच तोंड करून बसलेला असतो. "त्याला तुझ्यात काय वेगळं दिसेल?" मी गाणं गुणगुणत असेन, आणि त्याला ते आवडणार नाही, कारण माझा सूर वाईट. तू हसलीस, मीही हसले. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की पाण्याचं नाव मी घेतलंच नाही.

तू एकदा विचारलंस की अडचण असायला हवी होती पण नव्हती, किंवा कमी होती, असं अलीकडे कधी झालं का. मी ठामपणे नाही म्हणणार होते. पण तुला नाही चालत नाही, तू वाट बघत राहतेस, श्वाससुद्धा ऐकू येतो. मग मला आठवलं. एक दुपार होती, वायरमन आला होता आणि त्यानं भिंतीला नको तिथे भोक पाडलं होतं. मी त्याला फाडफाड बोलत होते, आणि बोलता बोलता जुन्या पडद्यातून इस्त्रीखाली घालायला एक तुकडा सर्रकन कापला. सरळ, काठाला काठ. हातांनी परस्पर उरकून टाकलं, मला विचारलंही नाही. तुला मी सांगितलं, एकदा वायरमनला झापत होते तेव्हा ठिबकणं ऐकूच आलं नाही. आणि तू किती गंभीरपणे विचारलंस, "त्या वेळी तू वेगळं काय करत होतीस?" मी म्हटलं, भांडत होते. तू म्हणालीस, भांडण तुला मानवतं असं दिसतंय. अगदी बाबांसारखी बोललीस.

आणि मग तो रविवार, ज्या दिवशी मी सर्दी झाली म्हणून फोन ठेवला. सर्दी नव्हती. तू विचारलं होतंस, "इतके महिने हे सगळं चालू असताना तू कसं निभावलंस? कशाच्या जोरावर?" बाबा गेल्यावर किती माणसं येऊन गेली. प्रत्येकानं विचारलं की कसं झालं, शेवटी काय बोलले, डॉक्टर काय म्हणाले, आता तुम्ही कसं करणार. तू कसं केलंस, हे कुणी विचारलं नाही. जणू मी काही केलंच नाही, नुसती मागे उरले. तुझा प्रश्न ऐकला आणि मला पहिल्यांदा वाटलं की मी काहीतरी मोठं काम करत होते. दिवस ढकलत नव्हते, ओढून आणत होते. फोन ठेवून मी मनसोक्त रडले, तोंड धुतलं आणि टेबलावरची चादर काढली.

पुढचं तुला माहीत नाही. त्याच सुमारास वाद्यवृंद चालवणाऱ्या एक बाई आल्या होत्या, उंच, खांदे रुंद. हात वर केला की कोट अख्खा वर येतो, पोट दिसतं, आणि समोर पन्नास माणसं वाजवायची थांबून बघतात, असं म्हणाल्या. मी त्यांना मास्तरांकडे पाठवणार होते. तोंड उघडलंही होतं. पण तुझा आणखी एक प्रश्न डोक्यात बसला होता, तिनाचे साडेतीन झाले तर काय वेगळं दिसेल. चाराचंही विचारलं नव्हतंस, फक्त अर्धा. मी म्हटलं, माप तर घेऊन ठेवते. माप घेणं म्हणजे काही कापणं नव्हे. आणि माप घेताना कळलं की त्यांचा आधीचा शिंपी मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, खाली काढत होता, त्यांना ऐसपैस व्हावं म्हणून. तिथेच तर चुकतं. मुंढा काखेला जितका लागून, तितका हात मोकळा आणि कोट जागच्या जागी. हे कळल्यावर मला दुसऱ्या कुणाच्या हातात ते कापड देववेना.

कापड पसरलं. त्या टोकाला कुणी नाही. बाबांच्या दोन जुन्या इस्त्र्या आणल्या आणि काठावर ठेवल्या, एक इकडे, एक तिकडे. मान वाकडी करून बघितलं. मग रिकाम्या दुकानात, मोठ्यानं, मीच म्हटलं, "घे." इतक्या मोठ्यानं, की समोरचा किल्लीवाला धावत आला आणि विचारायला लागला, काय घेऊ? त्याला म्हटलं, काही नाही, जा. आणि कात्री लावली. पहिलं बोटभर अंतर जपून कापलं. नंतर नाही. कोटाची ती पाठ अशी कापली गेली, की मीच दोनदा हात फिरवून पाहिलं.

त्या बाईंच्या कार्यक्रमाला मी गेले होते, तिसऱ्या रांगेत. त्यांनी दोन्ही हात वर नेले आणि कोट तसूभर हलला नाही. लोक संगीत ऐकत होते, मी मुंढा बघत होते. शेजारच्या गृहस्थांना मी न राहवून सांगितलं की कोट माझ्या हातचा आहे. आणि मध्यंतरात हेही सांगितलं की तो कापायला लावणारी माझी मुलगी. ते म्हणाले, म्हणजे त्याही शिवणकाम करतात? मी म्हटलं, नाही, ती विचारते. त्यांना काही कळलं नाही. माझी मात्र छाती केवढी फुगली होती.

तेव्हा तुमच्या बाईंना हे पत्र खुशाल दाखव. त्यांना सांग की क्लायंटनं पाण्याचं बोलायचं टाळलं, कारण पाणी नव्हतंच. तुला काय सोडवायचंय ते माहीत नव्हतं, आणि तरी ते तू सोडवलंस. मी सांगितलेलं खोटं उकरत बसली असतीस तर आपण अजून वरच्या बाईंच्या टॉवेलांवर बोलत राहिलो असतो. मी जिकडे गेले तिकडे तू माझ्यामागून आलीस, हातात दिवा घेऊन, पुढे न पळता. हे ज्याला जमतं त्यानं ऑफिसात चिकटायचं? चिकटून तर बघ.

पण हे पत्र मी निकालासाठी लिहिलेलं नाही. शेवटच्या भेटीत तुम्ही क्लायंटला विचारता ना, की अजून भेटायची गरज आहे का, आणि ते त्यानंच ठरवायचं असतं? मी ठरवलंय. गरज नाही. आजपासून मी तुझी क्लायंट नाही. बाबा गेल्यावर तू लगेच तो अभ्यासक्रम धरलास, विचारणाऱ्याच्या खुर्चीत बसलीस, आणि तिथून उठलीच नाहीस. मला वाटायचं पोरगी घट्ट आहे. दुकानात कापड कापताना परवा एकदम लक्षात आलं, की ते तुझेही बाबा होते, आणि तू माझ्यासमोर एकदाही रडलेली नाहीस. दर रविवारी रेकॉर्डिंग चालू, कोण रडेल? या रविवारी फोन कर, आणि ते मशीन लावू नकोस. मला काही विचारू नकोस. मीही तुला काही विचारणार नाही. तू नुसती रड, चोंबडे, हवं तितका वेळ. मी ऐकतेय.

तुझीच,
आता क्लायंट नाही, नुसती आई